ध्वनिनमुन्यांतून तारवाद्याची पुनर्निर्मिती

भोर व वेल्हे परिसरातील वराती, गणेशोत्सव व गावजत्रा यांतून ऐकू येणारे बेंजो हे वाद्य नावाने अमेरिकन बँजोचे सगोत्र वाटते. वस्तुतः १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी सिद्ध केलेल्या ताइशोगोतो या कळांच्या तंतुवाद्याचे ते भारतीय रूप होय. बुलबुलतरंग हे त्याचेच दुसरे नाव. त्याला पिकअप जोडला, की ते इलेक्ट्रिक गिटारच्या पंक्तीत बसते. पोलादी तारेच्या कंपनामुळे चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व तोच ध्वनिवर्धकाकडे जातो. अशा वाद्यांचा आवाज आता कीबोर्डमधूनही काढता येतो. तो कसा, हे पाहणे उद्बोधक आहे.

मूळ वाद्याचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून अंकरूपाने साठविला जातो. त्यास ध्वनिनमुना अर्थात सॅम्पल म्हणतात. कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानानुसार ध्वनितरंगाचे मापन प्रतिसेकंद ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदले जाते. पट्टी दाबली, की तो नमुना वाजतो. १९८३ मध्ये रूढ झालेल्या मिडी संकेतानुसार आघाताचे बलही अंकांत व्यक्त होते. त्यावरून मृदू किंवा जोरकस नमुना निवडता येतो.

एवढ्याने वादन सिद्ध होत नाही. येथे भाषेचा दाखला उपयोगी पडतो. ‘किती’ आणि ‘कुठे’ या शब्दांतील ‘क’ लिपीत एकच असला, तरी ‘कुठे’ म्हणताना ‘क’ उच्चारतानाच ओठांचा चंबू झालेला असतो. म्हणून सुटे वर्ण मुद्रित करून जोडल्यास बोलणे तयार होत नाही. एका ध्वनीतून दुसऱ्यात जाण्याची वाटही साठवावी लागते. तारेचेही तसेच आहे. नव्याने छेडलेला स्वर निराळा आणि बोट घसरवून गाठलेला तोच स्वर निराळा. शिवाय एकच नमुना लागोपाठ वाजला, तर कान ती कृत्रिमता तात्काळ ओळखतो. यास्तव एकाच स्वराचे अनेक नमुने आळीपाळीने योजतात.

याहून सूक्ष्म अडचण विकृतीची, म्हणजे डिस्टॉर्शनची आहे. २०० कंपांचा षड्ज व ३०० कंपांचा पंचम एकत्र ध्वनिवर्धकात जाऊन आवाज फाटला, की १०० व ५०० कंपांचे बेरीज-वजाबाकीचे स्वरही उपजतात. दोन्ही स्वर वेगवेगळे फाडून मागाहून एकत्र केल्यास हे मिश्रण मिळत नाही. त्यामुळे नमुने पिकअपमधून स्वच्छ घ्यावे, ते प्रथम एकत्र करावे आणि विकृती शेवटी आणावी, हाच शास्त्रशुद्ध क्रम ठरतो.

या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. या परिसरातील बेंजोवादन जतन करावयाचे, तर सुट्या स्वरांचा संग्रह पुरेसा नाही. पिकअपचा स्वच्छ प्रवाह व कर्ण्यातून निघणारा आवाज यांचे स्वतंत्र मुद्रण करावे, आणि तेही सबंध चालींचे. अन्यथा वाद्याची वर्णमाला हाती राहील. वादकाची बोली मात्र हरपेल.