घोरणे आणि डॉक्टरांनी न विचारलेला प्रश्न



गाळप हंगामात रात्रीची ऊस वाहतूक सुरू झाली की आमच्या शेतकी विभागाचा जीव टांगणीला लागतो. ट्रॅक्टरवाल्याला डुलकी लागली की आपण म्हणतो, जागरण झालं. बहुधा ते खरेही असते. पण काही जण आठ तास झोपूनही सकाळी दमलेलेच उठतात, त्यांचे काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट दबते. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबतो, नाहीतर फार मंदावतो. रक्तातला प्राणवायू घटला की मेंदू दचकवतो, माणूस धापकन श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. तासाला ५ वा अधिक वेळा असे होऊन दिवसा त्रास होत असेल तर तो आजार समजतात. ३० च्या पुढे तीव्र. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. रक्तदाबाशी याचे जवळचे नाते आहे.

आता डॉक्टरांकडे वळू. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली चक्क डॉक्टरांनाच विचारायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. १८ प्रश्न माहितीचे, ५ दृष्टिकोनाचे. पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. आजार महत्त्वाचा आहे हे डॉक्टर मान्य करतात. तो ओळखण्याची, त्यावर उपचार करण्याची खात्री मात्र पुष्कळांना वाटत नाही. त्यांना तरी दोष किती द्यायचा? दवाखान्यात रांग असते, आणि झोपेतला रोगी त्यांना दिसतच नाही.

मग रक्तदाबाची गोळी वाढत जाते. ऊस पिवळा पडला म्हणून आपण युरिया टाकत राहावे आणि खाली हुमणी मुळ्या खात असावी, तशातली गत.

म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगावे: घोरणे मोठे आहे, मध्येच श्वास अडतो, दिवसा बसल्याजागी झोप लागते. हे रोग्याला स्वतःला ठाऊक नसते, घरच्यांना असते. तेव्हा कारभारणीला बरोबर न्यावे. (घोरणाऱ्या कारभारणीही आहेत, त्यांनी कारभाऱ्याला न्यावे!) आजार सडपातळ माणसालाही होतो. गरज असल्यास रात्रभराची झोपेची तपासणी करतात. वजन उतरवणे, दारू टाळणे यांचा उपयोग होतो. नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्रही आहे. ही पद्धत सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडली. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांना घोरण्याचे सांगितल्याशिवाय घेऊ नये.