कॅरोलिन कीन कोण होती?

मुलांच्या हाती रहस्यकथा दिसली, की घरातील वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. आम्हांला मात्र वाटते, की अशा पुस्तकांकडेही एकदा नीट पाहावे. अमेरिकेतील नॅन्सी ड्रू या मुलीच्या कथामालेचेच उदाहरण घेऊ.

या मालेतील पहिली कादंबरी ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ १९३० साली निघाली. जोसाया क्रॉली हा वृद्ध गृहस्थ वारतो आणि त्याची सारी मालमत्ता टॉपहॅम या गर्विष्ठ कुटुंबाकडे जाऊ लागते. ज्या गरीब आप्तेष्टांनी त्याला जीव लावला, त्यांच्या हाती काहीच लागत नाही. वकिलाची मुलगी नॅन्सी दुसऱ्या मृत्युपत्राचा माग काढीत एका जुन्या घड्याळापाशी पोहोचते. त्यातील टिपणवहीवरून बँकेतल्या पेटीचा, आणि पेटीतून मृत्युपत्राचा ठाव लागतो. ज्याचे त्याला मिळते.

मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव होते कॅरोलिन कीन. पण अशी लेखिका नव्हतीच! एडवर्ड स्ट्रॅटमायर हा गृहस्थ कथानकाचा आराखडा आखी, आणि ठराविक मोबदला देऊन दुसऱ्याकडून कादंबरी लिहवून घेई. लेखकाने सारे हक्क सोडावयाचे आणि वाच्यता करावयाची नाही, असा करार असे. हार्डी बंधूंच्या कथा १९२७ पासून याच रीतीने निघत होत्या. नॅन्सीची पहिली कथा लिहिली मिल्ड्रेड वर्ट या तरुणीने, १२५ डॉलरांत. पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ तिच्या हातची आहेत.

१९५९ पासून स्ट्रॅटमायरच्या कन्या हॅरिएट अ‍ॅडम्स यांच्या देखरेखीखाली जुनी पुस्तके नव्याने लिहिली गेली. २५ प्रकरणांची २० झाली. पहिल्या कथेत कृष्णवर्णीय रखवालदार दारुडा म्हणून रंगविला होता. नव्या आवृत्तीत तो गोरा झाला. हिणकस चित्र पुसले हे योग्यच. पण त्यासोबत तो माणूसही कथेतून नाहीसा झाला. नॅन्सीचा बेधडक स्वभावदेखील मवाळ झाला.

पुढे १९८० साली प्रकाशकांचा तंटा न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला. तेथे मिल्ड्रेडबाईंची साक्ष झाली आणि खरी लेखिका उजेडात आली. हक्क तर त्यांनी पूर्वीच लिहून दिले होते. निदान नाव तरी त्यांच्या हयातीत त्यांच्याकडे परत आले. २००२ साली त्या निवर्तल्या.

ज्याचे त्याला मिळवून देणारी नॅन्सी जिने घडविली, तिला स्वतःचे श्रेय मिळावयास ५० वर्षे लागली. म्हणून मुलांच्या हातून पुस्तक काढून घेण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारावे: हे लिहिले कोणी?