सूर्यकिरणमधून वायुसेनाप्रमुखपदापर्यंत

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवा रायपूरच्या सेंध तलावावर वायुसेनेच्या सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या पथकाची 'हॉक' विमानं झेपावली, तेव्हा अनेकांनी विचारलं, या कसरतींचा युद्धात उपयोग काय? उत्तर एका मराठी माणसाच्या कारकिर्दीत सापडतं. नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी या पथकाच्या सुरुवातीच्या वैमानिकांपैकी एक आणि पुढे वायुसेनाप्रमुख (२०२१ ते २०२४). पंखाला पंख भिडवून उडताना नजर सतत म्होरक्याच्या विमानावर ठेवावी लागते. आपल्या एका चुकीची किंमत सगळे मोजतात. सेनापतीच्या निर्णयांचंही तसंच असतं.

पण निव्वळ कौशल्यावर सेनापती घडत नाही. डिसेंबर १९८२ मध्ये वायुसेनेत दाखल झालेल्या चौधरींनी मिग-२१, मिग-२९, सुखोई-३० अशा विमानांवर ३,८०० हून अधिक तास उड्डाण केलं, मिग-२९ च्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं. तेवढ्याच महत्त्वाच्या होत्या जमिनीवरच्या जबाबदाऱ्या: स्टाफ कॉलेजात शिकवणं, मुख्यालयात हवाई संरक्षणाचं काम, पश्चिम हवाई कमांडची धुरा.

कुणी म्हणेल, सर्वोच्च पद म्हणजे लढाऊ वैमानिकांचीच मक्तेदारी. बहुतेक प्रमुख त्याच शाखेतले, हे खरं. पण २००७ मध्ये फली मेजर हे हेलिकॉप्टर वैमानिक प्रमुख झाले. म्हणजे विमानाच्या प्रकारापेक्षा जबाबदाऱ्यांचा आवाका मोठा ठरतो.