सोडणारा थर, धरणारा थर

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळे आखणाऱ्या कुंचल्यावरून नजर हलत नाही. ती मुद्दाम साच्याकडे न्यावी. प्लास्टरच्या साच्यात प्लास्टर ओतायचं तर आधी आतून साबणाचं पाणी फिरवायचं, ही ओतकामातली जुनी युक्ती. नाहीतर मूर्ती आणि साचा एकजीव! साबणाच्या रेणूला एक डोकं असतं आणि एक लांब शेपूट. प्लास्टरमधल्या कॅल्शियमला डोकी चिकटतात, पाण्याचा तिटकारा असलेल्या शेपट्या बाहेर राहतात, मग ओल्या प्लास्टरला पकड मिळत नाही. रेणूंना रांगेत कुणी उभं करत नाही. ते आपले आपण लागतात.

रेणूंचा असा थर पहिल्यांदा नीट मोजला तो घरातच. जर्मनीच्या आग्नेस पॉकेल्स यांनी स्वयंपाकघरात, पत्र्याच्या तसराळ्यात पाण्यावरचा तवंग मोजला. १८९१ साली त्यांचं पत्र ‘नेचर’मध्ये छापून आलं. १९३२चं नोबेल मात्र याच विषयासाठी रसायनशास्त्रज्ञ लँगम्युर यांना मिळालं.

पुण्यात पाषाणला, १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने या थरालाच साचा केलं. निर्वात पेटीत स्टिअरिक आम्लासारखं, साबणाच्या रेणूसारखंच डोकं-शेपूट असलेलं मेदाम्ल तापवायचं, त्याची वाफ काचेवर बसू द्यायची. रेणू डोक्याला डोकं लावून दुपदरी होतात. असा एक दुपदरी थर साधारण ५ नॅनोमीटरचा, म्हणजे मिलीमीटरभर जाडीत असे २ लाख थर. ही काच क्षाराच्या पाण्यात बुडवली की धातूचे आयन डोक्यांच्या ओढीने पदरांत शिरतात. चांदीचे असले तर तिथल्या तिथे त्यांचे कण करता येतात. कॅल्शियमचे असले तर कार्बन डायऑक्साइड सोडायचा, आतच कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक धरतात. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं टनांनी मोजतात. इथे सगळा माल डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीत.

गंमत अशी, की डोकी आणि कॅल्शियम यांची गाठ दोन्हीकडे तीच. पेणमध्ये ती मूर्ती सोडवते, पाषाणला आयन धरून ठेवते. शिवाय हा साचा लवचीक. आत स्फटिक वाढला की पदरांनाच सरकावं लागतं. आणि वस्तू साच्यातून काढायचीच नाही, हे तर मूर्तिकाराला बिलकूल पटायचं नाही.

शिंपल्यांच्या जातीतल्या तिसऱ्यांचं मात्र यात काही अडत नाही. रोह्यावरून रेवदंड्याकडे जाणाऱ्या कुंडलिकेच्या खाडीत त्या कॅल्शियम कार्बोनेटचंच कवच बांधतात, प्रथिनांच्या आधारावर. हा साचाही आतच राहतो. तिसऱ्यांचं सुकं खाऊन झाल्यावर ताटाच्या कडेला उरते ती शिंपली.