सुलतानाचं मन बिघडतं तेव्हा
(लेखमाला : बहमनींचं बिदर, भाग सातवा)

मागच्या भागात आपण अलाउद्दीन अहमदशहाच्या दवाखान्यापाशी थांबलो होतो. या सुलतानानं बिदरमध्ये दवाखाना बांधला, तिथे हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम दोन्ही नेमले, आणि औषधांचा व रोग्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च भागावा म्हणून त्याला गावं लावून दिली. अलाउद्दीन १४५८ मध्ये पायाची जखम चिघळून वारला. पुढची चोवीस वर्षं बिदरच्या किल्ल्यात मुख्यतः त्याचा मुलगा हुमायून आणि नातू मुहम्मद यांचं राज्य होतं. या दोघांच्या वागण्यात आज आपल्याला मनाचं दुखणं दिसतं. त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या जुन्या तवारिखांनी बापाच्या बाबतीत त्याला जुलूम म्हटलं, मुलाच्या बाबतीत दारू.

बिदरच्या पूर्वेला तीनेक किलोमीटरवर अष्टूर आहे. तिथे बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीनं उभ्या आहेत. पहिला मान अलाउद्दीनचा बाप अहमदशहा वली याचा. त्याच्या घुमटाखालचं रंगकाम अजून डोळे दिपवतं. उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळचा जंगम तिथे येतो, कारण या भागातले लिंगायत त्या सुलतानात अल्लमप्रभूंना पाहतात. त्याच ओळीत त्याच्या नातवाची, हुमायूनची कबर आहे. वीज पडून तिचा घुमट उभा चिरला आणि बराचसा कोसळला. उरलेल्या भागात बांधकामाचे थर उघडे पडलेत. पापाचा घडा भरला म्हणून आभाळातून वीज आली, असं आजही तिथे सांगतात. आजोबाला संतपण मिळालं आणि नातवाला ही वीज. हुमायूनचं नाव इतिहासात ‘जालीम’ या बिरुदासकटच येतं.

त्यानं केलं काय? बाप गेल्याबरोबर काही सरदारांनी हुमायूनला डावलून त्याच्या धाकट्या भावाला, हसनखानाला, तख्तावर बसवलं. हुमायूननं तख्त हिसकावून घेतलं, भावाचे डोळे काढले आणि त्याला कैदेत टाकलं. मग नात्यातलाच सिकंदरखान तेलंगणात उठला. तो मोडला. हुमायून देवरकोंड्याच्या मोहिमेत गुंतलेला असताना यूसुफ तुर्क नावाच्या माणसानं बिदरचा तुरुंग फोडला. आंधळा हसनखान, सुफी घराण्यातला हबीबुल्ला आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ कैदी बाहेर पडले. हसनखानानं बीड गाठून तिथे आपल्या नावाची द्वाही फिरवली. शेवटी विजापूरच्या सुभेदारानं पाहुणचाराच्या मिषानं त्याला आत घेतलं आणि धरून बिदरला पाठवलं.

पुढचं वर्णन इतिहासकार फिरिश्ता करतो, आणि ते वाचताना हात थरथरतो. सख्ख्या भावाला वाघापुढे टाकलं. शहराच्या कोतवालाला लोखंडी पिंजऱ्यात घातलं. चौकात उकळत्या कढया मांडल्या. ज्यांचा कटाशी काही संबंध नव्हता असे नातेवाईक, नोकर, बायका, कुणीही त्यातून सुटलं नाही. दरबारात जायची वेळ आली की सरदार बायकामुलांचा निरोप घेऊन आणि मृत्युपत्र करून घराबाहेर पडत. तीन-साडेतीन वर्षांत, १४६१ मध्ये, हुमायून मेला. आजारानं मेला अशी एक हकिकत आहे. नशेत असताना दासीनं मारलं अशी दुसरी. नझीरी नावाच्या कवीनं त्याच्या मृत्यूचं साल अक्षरांच्या आकड्यांत गुंफलं. ‘जगाचा आनंद’ या अर्थाच्या दोन फारसी शब्दांची बेरीज हिजरी ८६५ येते.

हे सगळं जसंच्या तसं मानायचं का? बहमनींचा मोठा इतिहास लिहिणारे हारून खान शेरवानी यांना ते पटलं नाही. फिरिश्ता विजापूरला बसून लिहीत होता, आणि तेही दीडशे वर्षांनी. अहमदनगरचा इतिहासकार तबातबाईही सोळाव्या शतकाच्या अखेरचा. दोघेही आफाकी, म्हणजे इराणकडून आलेल्या गटातले, आणि हबीबुल्लाचं घराणं त्या गटाला पूज्य. ज्याच्या राज्यात हबीबुल्ला मारला गेला त्या सुलतानाबद्दल त्यांच्या लेखणीतून मऊ शब्द येणं अवघडच होतं. उलट, त्या काळी हयात असलेल्या आणि पुढे वजीर झालेल्या महमूद गावानच्या पत्रांत हुमायूनबद्दल आदर आहे. गावानला मलिक-उत-तुज्जार ही मोठी पदवी त्यानंच दिली. कारभार चालू होता, मोहिमा चालू होत्या.

शेरवानींचा हा आक्षेप मला वजनदार वाटतो, पण पुरता पटत नाही. गावान नोकरीत होता. धन्याबद्दल पत्रात तो दुसरं काय लिहिणार? अतिशयोक्ती वजा केली तरी भावाला वाघापुढे टाकणं उरतंच. आणि इथेच मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. हुमायून क्रूर होता यावरून तो मनानं आजारी होता असं ठरत नाही. मनाच्या आजाराशी झगडणारी माणसं आपल्या घरांत आहेत, शेजारी आहेत. त्यांतली बहुसंख्य माणसं कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला लांबून रोगाचं नाव चिकटवणं हा त्याच्यावरही अन्याय आणि त्यांच्यावरही. हकिकतीत सांगता येण्याजोगं दिसतं ते भय. पहिल्याच दिवशी सख्ख्या भावाला आपल्या जागी बसलेलं त्यानं पाहिलं होतं. त्यानंतर दारावरचा प्रत्येक पहारेकरी त्याला फितूर दिसू लागला असेल, तर त्याचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्या भयाला सैन्य आणि जल्लाद हाताशी मिळाले, आणि अडवणारं कुणी नव्हतं.

आता मुहम्मदाकडे येऊ. त्याची हकिकत मला बापाच्या हकिकतीपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

हुमायून मेला तेव्हा मुहम्मद लहान पोर होता. थोरला भाऊ निजामुद्दीन अहमद आठ वर्षांचा असताना सुलतान झाला आणि दोनच वर्षांत, १४६३ मध्ये, लग्नाच्या रात्री अचानक गेला. मग मुहम्मद तख्तावर आला, वय नऊ-दहा. राज्य चालवत होती त्यांची आई, मखदुमा-ए-जहाँ नर्गिस बेगम. तिच्याबरोबर ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गावान. हुमायूननंतर विस्कटलेलं राज्य या तिघांनी सावरलं. बहमनी काळातली ही सर्वांत शहाणी व्यवस्था होती असं मी म्हणेन. पण तीही रक्ताशिवाय टिकली नाही. ख्वाजा जहान डोईजड झाला तेव्हा भर दरबारात, बाळ सुलतानाच्या तोंडून हुकूम वदवून, त्याच्या डोळ्यांदेखत ख्वाजा जहानला कापून काढण्यात आलं. हुकूम देणाऱ्या मुलाचं वय आपल्याकडे पाचवी-सहावीच्या वर्गात बसायचं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी बिदरला आला. त्यानं सुलतानाची थाटाची मिरवणूक पाहिली, हत्ती पाहिले. सुलतान विशीतला आहे आणि कारभार खुरासानी सरदारांच्या हातात आहे, असं त्यानं लिहून ठेवलं. गावातली रयत हलाखीत आणि उमराव ऐश्वर्यात, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. १४७२ मध्ये गावाननं गोवा घेतला, त्याच साली बिदरचा मदरसा उभा राहिला, आणि पुढे बेळगावच्या मोहिमेत नर्गिस बेगम छावणीतच वारली. तिचा देह बिदरला आणला. मुहम्मदाला हटकू शकेल असं माणूस आता एकच उरलं होतं, गावान. सुलतानाचं पिणं वाढत गेलं.

१४८१ च्या एप्रिलमध्ये, कोंडपल्लीच्या छावणीत, ते एक माणूसही गेलं. गावानच्या शिक्क्याचा कोरा कागद त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून मिळवला गेला. त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारा मजकूर लिहिला गेला आणि कागद सुलतानापुढे ठेवला गेला. मुहम्मद नशेत होता. शिक्का माझा, मजकूर माझा नाही, असं सत्तरी ओलांडलेल्या वजिरानं सांगितलं. चौकशी झाली नाही. जल्लादाला खूण झाली. नंतर त्याचा खजिना तपासला तर त्यात फारसं काहीच नव्हतं. खोटं उघडं पडलं तेव्हा उशीर झाला होता. यूसुफ आदिलखान आणि फतहुल्ला इमाद-उल-मुल्क यांच्यासारखे सरदार छावणी वेगळी टाकून लांबूनच मुजरा करू लागले.

वर्षाच्या आत, १४८२ च्या मार्चमध्ये, मुहम्मद गेला. वय तिशीच्या अलीकडे. ग्लानीत तो ओरडत असे की महमूद गावान आपल्याला फाडतोय, असं फिरिश्ता सांगतो. दारू, अपराधाची टोचणी, झोप उडालेल्या रात्री: आज असा माणूस आपल्या घरात असता तर आपण त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं असतं. ज्या शहरात आजोबांनी दवाखाना बांधला, वैद्य आणि हकीम एका छताखाली बसवले, त्याच शहरात नातवाच्या हातातला पेला कुणी काढून घेतल्याची नोंद नाही.

याच काळात इंग्लंडमध्ये काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथला सहावा हेन्री १४५३ च्या ऑगस्टमध्ये असा गप्प झाला की नवजात मुलगा पुढे आणला तरी त्यानं ओळख दाखवली नाही. दीड वर्ष अशी अवस्था टिकली. उमरावांनी १४५४ मध्ये यॉर्कच्या ड्यूकला राज्याचा रक्षक नेमलं. राजा भानावर आल्यावर ते पद काढून घेतलं. पुढे तिथेही यादवी माजली, तेव्हा ही व्यवस्था रामबाण होती असं नाही. पण राजा आजारी पडू शकतो आणि त्याच्या जागी दुसऱ्यानं काही दिवस बसावं, हे बोलता तरी येत होतं. बिदरमध्ये बाळ सुलतानासाठी मंडळ नेमता आलं. तोच सुलतान जाणता झाल्यावर आतून खचला, तेव्हा त्याच्यासाठी काही नेमता आलं नाही. प्रौढ राजाचं मन थकलंय असं म्हणणं म्हणजेच बंड, आणि बंडाला काय शिक्षा होते ते हुमायूननं चौकात दाखवून ठेवलं होतं.

मराठी मुलखात बेदरचा बादशहा पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आला तो दामाजीपंतांच्या आख्यानातून. दामाजींनी मंगळवेढ्याची कोठारं दुष्काळात लुटवली म्हणून बादशहा कोपतो. विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन धान्याचे पैसे भरतो. बादशहा शांत होतो. कीर्तनात त्या बादशहाला नाव नाही. हुमायून आणि मुहम्मद वाचल्यानंतर हे आख्यान ऐकलं की मला त्यात भाविकपणाइतकीच रयतेची पक्की समजही ऐकू येते. बादशहाचा राग थांबवायचा तर वजिराची, काझीची किंवा आईची ताकद पुरत नाही, हे त्या लोकांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांनी थेट पंढरपूरहून माणूस धाडला.

मुहम्मदानंतर त्याचा बारा वर्षांचा मुलगा महमूद तख्तावर आला आणि छत्तीस वर्षं नावापुरता सुलतान राहिला. विजापूर, अहमदनगर आणि वऱ्हाडचे सुभे हातचे कसे गेले आणि बिदरमध्ये कासिम बरीद कसा वर चढला, ते पुढच्या आठवड्यात.