उपचारांची दुसरी खेप

व्यसनमुक्ती केंद्रात दुसऱ्या-तिसऱ्यांदा दाखल होणाऱ्या माणसाविषयी घरच्यांचा, आणि पुष्कळदा त्याचा स्वतःचाही, असा ग्रह झालेला असतो की आधीचे उपचार पाण्यात गेले; संशोधन मात्र हा ग्रह उचलून धरत नाही. अमेरिकेत जॉन केली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, व्यसनातून बाहेर पडलेल्या प्रौढांनी त्यासाठी किती वेळा मनापासून प्रयत्न केले हे विचारले गेले, तेव्हा सरासरी पाचाच्या थोडी वर गेली, पण मध्यक, म्हणजे सर्व उत्तरे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, अवघा २ निघाला. अनेकदा उपचार घेतलेल्यांत व्यसन पुन्हा सुरू होण्याचे प्रमाण जास्त आढळते हे खरे. परंतु ज्यांचे व्यसन जुने आणि जडलेले असते तेच वारंवार दाखल होतात, त्यामुळे त्याचे खापर उपचारांवर फोडणे अन्यायाचे आहे.

आधीच्या उपचारांचे खरे मोल त्यांच्या तपशिलात असते. मागच्या वेळी दारू किती महिने सुटली होती, ती पगाराच्या दिवशी सुरू झाली की एखाद्या लग्नाच्या वरातीत, त्याआधी गोळ्या आणि फॉलो-अप कधी बंद पडले होते, या प्रश्नांच्या उत्तरांतून पुढच्या उपचारांची दिशा ठरते. काही तपशील तर जिवाशी निगडित असतात. दारू अचानक थांबल्यावर होणारा त्रास, ज्याला विथड्रॉवल म्हणतात, तो दर खेपेस अधिक तीव्र होऊ शकतो. म्हणून पूर्वी झटके आले असतील किंवा भ्रम झाला असेल, तर ते दाखल होतानाच डॉक्टरांना सांगावे लागते. गर्द घेणाऱ्याच्या बाबतीत धोका उलट्या टोकाला, म्हणजे घरी परतल्यावर असतो, कारण उपचारांच्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वी पचणारी मात्रा आता प्राणघातक ठरू शकते.

मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी स्लिप, म्हणजे एखाद्या वेळचे घसरणे, आणि रिलॅप्स, म्हणजे व्यसनाचा पुन्हा बसलेला जम, यांत फरक केला. एका घोटानंतर ‘आता सगळेच संपले’ असे वाटून माणूस जी हार मानतो, तीच पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले, आणि घसरून परत आलेल्याला न लाजता बोलता येईल अशी माणसे त्यामुळे समोर उभी राहिली.

याउलट, ज्याला पूर्वी कोठेतरी फसवून नेले, मारले किंवा बांधून ठेवले, त्याने उपचार म्हणून भीतीच अनुभवलेली असते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित विकारांचा समावेश आहे आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास सक्त मनाई आहे. तरीही असा अनुभव घेतलेला माणूस समुपदेशकासमोर बसला, तर तेथे काय घडले हे आधी ऐकून घ्यावे लागते, आणि दारूचा विषय त्यानंतरच निघतो.