गाडीवरचे किडे, टाकीचा रंग आणि फडक्याची पारख

गडहिंग्लजच्या व्यापाऱ्याला मोटारसायकलवाचून चालत नाही. एका अंगाला संकेश्वर, दुसऱ्या अंगाला आजरा, आंबोली आणि घाट उतरून सावंतवाडी. माल दाखवणे, ऑर्डर घेणे, उधारी वसूल करणे ही कामे गाडीवरच होतात. दुकानातला तागा आपण धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवतो. दाराशी उभ्या असलेल्या लाखाच्या वस्तूची मात्र तेवढी काळजी घेत नाही. आम्हीही घेतली नव्हती, म्हणून हे लिहीत आहोत.

वळवाचे एकदोन पाऊस झाले की मे-जून महिन्यांत आपल्या उसाच्या भागात हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. त्यांची वेळ नेमकी मगरिबच्या सुमाराची. शेतकरी त्यांच्यासाठी प्रकाश सापळे लावतात, त्याच प्रकाशाच्या ओढीने पाखरे गाडीच्या दिव्यावरही येतात. पाठोपाठ वाळवीची पंखवाली पाखरे निघतात. अशा एका संध्याकाळी आम्ही सावंतवाडीची वसुली करून आजऱ्यामार्गे परतलो. घरी पोहोचेपर्यंत दिवा, टाकी, हेल्मेटची काच, सगळे किड्यांनी माखले होते. थकवा होता, गाडी तशीच लावली. दोन दिवस ती उन्हात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी दुकानातले पॉपलिनचे कटपीस घेऊन कोरडेच घासले. किडे निघाले, पण टाकीवर पांढुरके डाग आणि बारीक ओरखडे कायमचे राहिले.

डाग का पडतो?

गाडीच्या रंगावर पारदर्शक लाखेसारखा एक थर असतो. तो माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. किडा आपटून फुटला की त्याच्या अंगातला रस या थरावर चिकटतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात लव्हबग नावाच्या माश्यांचा असाच उपद्रव आहे. तेथे असे आढळले की ताज्या माशीचा रस फारसा आंबट नसतो, पण दिवसभर तसाच राहिला की कुजून आम्लधर्मी होतो. वरून ऊन लागले की तो रंगात खोल उतरतो. म्हणजे नुकसान किड्यापेक्षा आपल्या आळसाने जास्त होते. त्याच रात्री दहा मिनिटे दिली तर रंग वाचतो.

काय करावे?

प्रवासापूर्वी स्वच्छ टाकीवर व दिव्याभोवतीच्या पत्र्यावर मेणाचे पॉलिश हलक्या हाताने लावावे. मग किडे घट्ट धरत नाहीत. मॅट रंगाच्या गाडीला मात्र मेण लावू नये, तिच्यावर चकाकीचे चट्टे उठतात.

घरी आल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे. जुना टर्किश टॉवेल पाण्यात भिजवून डागांवर दहा मिनिटे पसरून ठेवावा. वाळलेले किडे फुगून सुटतात. मग गाडीच्या शाम्पूच्या पाण्याने वरून खाली पुसावे, जोर लावू नये. फडक्याची घडी दर वेळी बदलावी, नाहीतर किड्यांचे कडक पंख आणि रस्त्याची माती त्याच फडक्यातून रंगावर फिरते. कपड्यांचा सोडा किंवा धुण्याची पावडर वापरू नये, त्याने मेण निघून जाते. हेल्मेटच्या काचेला पेट्रोल किंवा रॉकेल तर कधीच लावू नये. ती काच प्लास्टिकची असते, तडे जातात आणि रात्री समोरचे दिसत नाही. रेडिएटर असेल तर त्याच्या जाळीतले किडे मऊ ब्रशने काढावेत. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

या कामाला बादलीभर पाणी पुरते. नळी सोडून ठेवणे हा इस्राफ आहे.

फडके कोणते?

हा आमच्या धंद्याचा प्रश्न, आणि चूकही आम्हीच केली. कोऱ्या मांजरपाटात सायझिंगची कांजी असते, ती ओरखडते. शिवलेल्या जुन्या कपड्याची शिवण आणि बटणे घात करतात. धुऊन मऊ झालेले बनियनचे होजिअरी कापड त्याहून बरे. सर्वांत चांगले मायक्रोफायबर. नऊ हजार मीटर सुताचे वजन एक ग्रॅम भरले तर तो एक डेनिअर. मायक्रोफायबरचा तंतू त्याहूनही बारीक असतो, म्हणून तो घाण ओढून घेतो. हे फडके सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, तूस धरते. गॅरेज आणि वॉशिंग सेंटर चालवणाऱ्या आपल्या तरुणांनी एवढी पारख ठेवली तर गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्याकडेच येईल.

पुढे ती गाडी विकायची वेळ आली. एकाने सुचवले की डागांवर स्टिकर लावा, भाव चांगला येईल. आम्हाला धान्याच्या ढिगाची हदीस आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. आम्ही गिऱ्हाईकाला डाग बोटाने दाखवले. किंमत कमी आली, ती आमच्या आळसाची होती. बरकत मात्र आमच्याकडेच राहिली.